ऊन, पाणी आणि हायड्रोजन : पोलादनगरी जालन्याचा हिशेब

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण व्यापाराच्या जोरावर मिळवणाऱ्या शहराला २०१२-१३ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली होती. एकीकडे रात्रंदिवस धगधगणाऱ्या पोलादाच्या भट्ट्या आणि दुसरीकडे आटलेले जलाशय, ही दोन्ही चित्रे जालन्याचीच आहेत. त्यामुळे सूर्यप्रकाश आणि पाणी यांपासून स्वच्छ हायड्रोजन इंधन तयार करण्याची चर्चा मराठवाड्यात पोहोचते, तेव्हा पहिला प्रश्न उपस्थित होतो तो पाण्याचा. ऊन मुबलक आहे. पण इंधनासाठी पाणी आणायचे कोठून?

मूळ कल्पना

पाण्याचा रेणू हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून बनतो. हा बंध तोडला की हायड्रोजन मोकळा होतो. तो जाळला की ऊर्जा मिळते आणि मागे पुन्हा पाणीच उरते. विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाईल या इंग्रज संशोधकांनी १८०० मध्ये विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दाखविले. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल्स व्हर्न याने तर १८७४ मध्येच आपल्या पात्राच्या तोंडून पाणी हे उद्याचे इंधन असल्याचे भाकीत वदविले होते.

कल्पना इतकी जुनी असूनही प्रत्यक्ष वापर का झाला नाही, याचे उत्तर उर्जेच्या हिशेबात आहे. पाण्याचा रेणू अत्यंत स्थिर असतो. तो तोडण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, त्याहून कमीच परत मिळते. म्हणजे हायड्रोजन हा उर्जेचा उगम नव्हे, तर उर्जेची साठवण आहे. ती ऊर्जा कोळशापासून आली, तर स्वच्छतेचा दावा पोकळ ठरतो. आज जगातील बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन बनविताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरविलेल्या व्याख्येनुसार ‘हरित’ म्हणवून घेण्यासाठी हे प्रमाण दोन किलोच्या आत असावे लागते.

तीन वाटा

सूर्यप्रकाशातून हायड्रोजनकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली वाट सौर पॅनेल आणि विद्युत अपघटनाची. पॅनेलची वीज इलेक्ट्रोलायझर या यंत्राला दिली जाते आणि त्यात पाण्याचे विघटन होते. सैद्धांतिकदृष्ट्या त्यासाठी १.२३ व्होल्ट पुरेसे असले, तरी व्यवहारात १.८ ते २ व्होल्ट लागतात. परिणामी एक किलो हायड्रोजनला सुमारे ५५ युनिट वीज खर्ची पडते. त्या किलोत वापरता येणारी ऊर्जा मात्र सुमारे ३३ युनिटच असते. आज व्यापारी प्रमाणावर वापरता येण्याजोगी वाट हीच आहे.

दुसरी वाट थेट प्रकाशाची. जपानचे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साईडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे दाखविले. वनस्पतीचे पान जे करते, त्याच्या जवळ जाणारी ही रीत. परंतु हा पदार्थ प्रामुख्याने अतिनील किरण शोषतो, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा अल्प असतो. जपानी संशोधकांनी १०० चौरस मीटर क्षेत्रावर उत्प्रेरकाचे पत्रे पसरून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सौरउर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर ०.७६ टक्के इतकेच झाले. याउलट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उच्च प्रतीचे सौरघट आणि इलेक्ट्रोलायझर जोडून २०१६ मध्ये ३० टक्क्यांपर्यंत मजल मारता आली. मात्र ती सामग्री अतिशय महाग आहे.

तिसरी वाट उष्णतेची. केवळ उष्णतेने पाणी तोडायचे, तर दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. मध्ये रासायनिक अभिक्रियांचे चक्र घातले, तर ते बरेच खाली आणता येते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘आयसीटी’ने, ओएनजीसी एनर्जी सेंटरच्या सहकार्याने प्रा. गणपती यादव यांच्या नेतृत्वाखाली तांबे-क्लोरीन चक्रावर काम केले. त्यात तांबे व क्लोरीनची संयुगे पुन्हा पुन्हा वापरली जातात आणि सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमान पुरते. ते आरशांनी एकवटलेल्या उन्हातून मिळविता येणे शक्य आहे. याच संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे.

पाणी किती लागते?

रसायनशास्त्राच्या नियमानुसार एक किलो हायड्रोजनसाठी नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी धरून हा आकडा २० लिटर मानता येईल. मराठवाड्याच्या उन्हात एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो. तिच्यापासून सुमारे २७ टन हायड्रोजन बनेल आणि त्याला साडेपाच लाख लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे ५५ टँकर, तेही वर्षभरात. पाटपाण्यावरील उसाचे एक एकर पीक साधारण ८० लाख लिटर पाणी पिते. तेवढ्यात असे १४ प्रकल्प चालतील.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. एक मेगावॉटच्या पॅनेलचे पृष्ठफळ सुमारे पाच हजार चौरस मीटर असते. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे या पॅनेलवरूनच ३५ लाख लिटर पाणी ओघळते, गरजेच्या सहापट. पाऊस निम्म्यावर आला, तरी ते तिप्पट असेल. अर्थात ते साठवावे लागेल, बाष्पीभवनापासून राखावे लागेल आणि अत्यंत शुद्ध करावे लागेल. शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरणे हाही मार्ग आहे. पिण्याच्या पाण्यात वाटेकरी होण्याची वेळ मात्र येऊ देता कामा नये.

पोलादाला काय उपयोग?

जालन्यातील कारखाने मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवून बांधकामाच्या सळया बनवितात. भट्टी विजेवरच चालत असल्याने तेथे हायड्रोजनचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. सौर वीज थेट भट्टीला देणेच अधिक किफायतशीर ठरते. खरा प्रश्न स्पंज आयर्नचा आहे. खनिजातील ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी भारतात प्रामुख्याने कोळसा वापरला जातो. हे काम हायड्रोजन करू शकतो आणि धुराऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते. स्वीडनच्या ‘हायब्रिट’ प्रकल्पाने २०२१ मध्ये अशा पोलादाची पहिली खेप व्होल्व्हो कंपनीला दिली.

एक टन लोखंडासाठी किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे जवळपास तीन हजार युनिट वीज. भंगार वितळविण्यास लागणाऱ्या विजेच्या ती पाचपट आहे. एक लाख टन स्पंज आयर्न या पद्धतीने करायचे, तर सुमारे २०० मेगावॉटचा सौर प्रकल्प, ८०० ते एक हजार एकर जमीन आणि वर्षाला ११ कोटी लिटर पाणी लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार जालना शहराची लोकसंख्या दोन लाख ८५ हजार होती. माणशी १३५ लिटरच्या निकषाने हे पाणी शहराच्या तीन दिवसांच्या गरजेएवढे भरते.

खरी अडचण

तेव्हा अडचण पाण्याहून अधिक पैशाची आहे. वीज तीन रुपये युनिट धरली, तरी एक किलो हायड्रोजनला १६५ रुपये विजेचेच होतात. शिवाय केवळ उन्हावर चालणारे इलेक्ट्रोलायझर वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढेच काम करते; उरलेला काळ महागडे यंत्र पडून राहते. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू असल्याने वाहनात तो ३५० ते ७०० पट दाबाखाली साठवावा लागतो. तो धातू ठिसूळ करतो, त्याला वास नसतो आणि हवेत चार टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो.

हे अंतर कमी करण्यासाठी केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता हे त्याचे उद्दिष्ट आहे. राज्य मंत्रिमंडळानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह हरित हायड्रोजन धोरण संमत केले. पहिली मागणी तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांतून येईल, कारण हायड्रोजन ते आजही वापरतात. पोलादाचा क्रम त्यानंतरचा आहे.

जालन्यापुरते सांगायचे, तर आज भट्ट्यांना सौर वीज आणि उद्या स्पंज आयर्नला हायड्रोजन, असा क्रम व्यवहार्य ठरतो. पाण्याचा हिशेब जमतो. तो जमिनीवर जमवायचा, तर पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी अडविण्याची तजवीज प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यातच करावी लागेल.