मॅरेथॉनची पूर्वतयारी म्हणून अर्धमॅरेथॉन

अर्धमॅरेथॉन ही २१.०९७५ किलोमीटर अंतराची रस्त्यावरील धावण्याची शर्यत असून तिचे अंतर पूर्ण मॅरेथॉनच्या (४२.१९५ किलोमीटर) नेमके निम्मे असते. या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९२ मध्ये सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये मात्र त्याचा समावेश नाही. हौशी धावपटू बहुधा पूर्ण मॅरेथॉनच्या आधीचा टप्पा म्हणून ही शर्यत धावतात. काही आयोजक पूर्ण मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी पूर्वीच्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळेही तिला महत्त्व आले आहे.

वेळेचा अंदाज

अंतर दुप्पट झाले म्हणजे वेळही दुप्पट लागेल, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी अभियंते पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाल्यास वेळ सुमारे २.०८५ पट होते. म्हणजे २ तासांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यास पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे ४ तास १० मिनिटे लागावीत. आठवड्याला मोजकेच अंतर धावणाऱ्या हौशी धावपटूंच्या बाबतीत हा अंदाजही बऱ्याचदा आशावादी ठरतो.

याचे मुख्य कारण शरीरातील इंधनाच्या साठ्यात आहे. स्नायू व यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन बहुतेकांना साधारणतः ३० किलोमीटरच्या आसपास अपुरे पडू लागते. त्यानंतर शरीराला मेदावर अधिक विसंबावे लागते आणि वेग एकाएकी घसरतो. अर्धमॅरेथॉन या टप्प्याच्या बरीच आधी संपते. त्यामुळे ती उत्तम वेळेत पूर्ण केलेल्या धावपटूलाही पूर्ण मॅरेथॉनच्या सर्वांत कठीण भागाचा अनुभव आलेला नसतो. पूर्वतयारी म्हणून अर्धमॅरेथॉनची खरी मर्यादा हीच आहे.

अनुभवी खेळाडूंच्या कामगिरीतही परिस्थितीनुसार मोठा फरक पडतो. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्य, तर त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये हेच अंतर पूर्ण करण्यास त्यांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले.

सरावातील स्थान

पूर्ण मॅरेथॉनच्या तीन ते सहा आठवडे आधी अर्धमॅरेथॉन धावण्याची पद्धत रूढ आहे. ती दोन प्रकारे धावता येते. पहिल्या प्रकारात पूर्ण ताकदीने धावून आपली क्षमता अजमावली जाते. यानंतर शरीर पूर्ववत होण्यास एक-दोन आठवडे द्यावे लागतात. दुसऱ्या प्रकारात पूर्ण मॅरेथॉनसाठी ठरवलेल्या वेगानेच धावले जाते. हा वेग सुरुवातीला फारच संथ वाटतो आणि गर्दीत तो पाळणे अवघड जाते. पण नवख्यांसाठी हाच प्रकार अधिक उपयोगी म्हणावा लागेल, कारण शर्यतीच्या आरंभी स्वतःला आवरण्याची सवय एकट्याच्या सरावात लागत नाही. बूट, मोजे, पहाटेचा आहार, धावताना पाणी पिणे व जेल पचवणे यांची चाचणीही याच वेळी होते. २८ ते ३२ किलोमीटरचे संथ दीर्घ सराव मात्र स्वतंत्रपणेच करावे लागतात.

महाराष्ट्रातील क्रम

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून, बहुधा सप्टेंबरमध्ये होते. मुंबई मॅरेथॉन (२००४ पासून) जानेवारीत असल्याने दोहोंमध्ये सुमारे चार महिने मिळतात. साताऱ्याचा मार्ग यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जातो व त्याच वाटेने परततो. चढापेक्षा परतीचा उतारच मांड्यांच्या स्नायूंना अधिक दुखावतो, हे तेथे पहिल्यांदा धावणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. घाटातील वेळेवरून सपाट मार्गावरील वेळेचा अंदाज बांधणे योग्य नाही. तरीही त्या सरावाचा मुंबईत उपयोग होतो, कारण तेथे परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ लागतो.

मराठवाड्यातील धावपटू

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पहाटे धावणारे तरुण बहुतांशी पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे असतात. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १,६०० मीटर, तर महिलांसाठी ८०० मीटर धाव असते. या सरावातून वेग येतो, पण दीर्घ अंतराची सवय लागत नाही. अशा धावपटूने आधी ५ व १० किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन असा क्रम ठेवणे हिताचे ठरते. हिवाळ्यात येथील पहाट थंड व कोरडी असते, मुंबईची हवा मात्र जानेवारीतही दमट असते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर अपेक्षेपेक्षा अधिक तापते. म्हणून मराठवाड्यातील अर्धमॅरेथॉनमधील वेग मुंबईत पूर्ण मॅरेथॉनसाठी जसाच्या तसा धरता येत नाही. पहिले १० किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा थोडे संथच धावावे लागतात.