भाताचा वीट

१९७८ साली मी साताऱ्याहून लग्न होऊन गोंदियाला आले. राइस मिलचा कोंडा ओसरीपर्यंत उडायचा. सकाळी रात्रीचा भात फोडणीला, दुपारी भात नि लाखोळीचं वरण, रात्री पुन्हा भात. तिसऱ्या महिन्यात तोंडून निघून गेलं, ‘‘आई, भाताचा वीट आला हो.’’

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. ‘‘अन्नाची घिन नाही करत, बाई.’’

मी म्हटलं वीट, त्यांनी ऐकली घिन. त्यात त्यांचं काय चुकलं? इकडच्या मराठीत हिंदी मुरलेली. १८५३ साली इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं, १८६१ला मध्य प्रांत झाला. त्यातले काही जिल्हे मराठी, बरेचसे हिंदी. पुढे भंडारा, मंडला नि शिवनीचे तुकडे जोडून शेजारी बालाघाट झाला. आम्ही १९५६ला मुंबई राज्यात, १९६०ला महाराष्ट्रात आलो. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा व्हायला १९९९ उजाडलं. इतक्या वेळा सरकार बदललं, पण बाजारातली ‘घिन’ कोणी हलवली नाही.

ही घिन म्हणजे संस्कृतातली घृणा. तिचा अर्थ दयासुद्धा होता, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. दया गळून गेली आणि नाक मुरडणं तेवढं उरलं.

वीट निराळा. लुगड्याचा रंग विटतो. रंग मुळात वाईट नसतो, धुऊन धुऊन जातो. मनाचंही तसंच. घिन घाणीची येते, वीट मात्र चांगल्या गोष्टीचाही येतो, ती अती झाली की.

परवा ग्लासगोहून नातू म्हणाला, ‘‘आजी, मला पास्त्याचा स्कनर आलाय.’’ स्कॉटलंडातला हा जुना शब्द. अर्थ किळस, नावड, कंटाळा, सगळं थोडं थोडं; इतर इंग्रजी बोलणाऱ्यांना सहसा माहीत नसलेला. तिकडे म्हणे माणूस एखाद्या गोष्टीचा स्कनर ‘घेतो’. आपल्याकडे वीट आपला आपण येतो, ताप यावा तसा. गोंडी शब्द टिपून ठेवणारे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहूनच नागपुरात आले होते. त्यांना कशाचा स्कनर आला असेल, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ज्वारी आणवली, दळवली आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. ती तव्यावर फाटली. तीच त्यांनी माझ्या ताटात वाढली. शेजारी मूठभर भात होताच.