दोन हजार व्होल्ट आणि एक अंगुस्तान

१६ ऑगस्ट १८५८. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांना पाठवलेला संदेश अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून गेला. शब्द अवघे ९८, वेळ लागला सुमारे १६ तास. एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं! तरीही जग थक्क झालं, कारण तोवर हे काम जहाजाचं होतं. पण सप्टेंबर उजाडताच ती तार मुकी झाली ती कायमचीच.

सिग्नल्सच्या माणसाने हा इतिहास नीट समजून घ्यायला हवा. आजही आपल्या सेटवर जी चूक होते, तीच तिथे झाली होती.

आयर्लंडमधलं व्हॅलेन्शिया आणि कॅनडाकडचं न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये ही सुमारे दोन हजार मैलांची केबल होती. कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळ पेशाने शल्यवैद्य. त्यांचा हिशेब सरळ होता: अंतर लांब, तर धक्काही मोठा हवा. पाच-पाच फुटी इंडक्शन कॉइल लावून त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचं गणित वेगळं होतं. समुद्रातली तार म्हणजे नुसती तार नाही. आत तांबं, मध्ये गटापर्चाचं आवरण आणि बाहेर खारं पाणी, असा तो एक लांबलचक कंडेन्सर. तो भरायला वेळ लागतो आणि लांबी दुप्पट झाली की हा वेळ चौपट होतो. व्होल्टेज वाढवून लाट उंच होते, लवकर येत नाही. म्हणून थॉमसननी दुसऱ्या टोकाकडे लक्ष दिलं. बारीक चुंबक चिकटवलेला इवलासा आरसा, त्यावर दिव्याचा किरण आणि समोर मोजपट्टी. अगदी क्षीण प्रवाह आला तरी प्रकाशाचा ठिपका सरकायचा. हा झाला त्यांचा मिरर गॅल्व्हानोमीटर. १८५८ मध्ये संदेश वाचले गेले ते मुख्यतः याच यंत्रामुळे.

मग ते दोन हजार व्होल्ट गेले कुठे? खडकवासल्याला आपण सगळ्यांनीच घोकलेलं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. रोध तोच असेल तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दहापट, तर उष्णता शंभरपट. त्या केबलमध्ये काही ठिकाणी तांब्याची तार आवरणाच्या मधोमध नव्हती, तिथे गटापर्चाचा थर पातळ होता. जास्तीची पॉवर पलीकडे पोहोचली नाही. तिने अशा कच्च्या जागांचा घात केला. बनावट सदोष होतीच, पण मरणाची घाई त्या दाबाने केली. गंमत म्हणजे पॉवर मोजायला तेव्हा ठरलेलं एककही नव्हतं. 'वॅट' हे नाव विल्यम सीमेन्स यांनी सुचवलं ते १८८२ मध्ये.

केबल मरण्याआधी एक लष्करी काम करून गेली. सत्तावनच्या उठावामुळे कॅनडाकडच्या दोन ब्रिटिश पलटणींना परतीचे हुकूम निघाले होते. ऑगस्टअखेर हे हुकूम तारेने रद्द झाले. तात्या टोपे तेव्हाही मध्य भारतात इंग्रज फौजांना धावायला लावत होते, पण लंडनच्या लेखी जादा पलटणींची गरज संपली होती. या एका संदेशाने हजारो पौंडांचा जहाजखर्च वाचला.

पुढे १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने नवी केबल टाकली, आणि १८६५ ची तुटलेली केबलही समुद्रातून उचलून पुरी केली. मग लॅटिमर क्लार्क यांनी न्यूफाउंडलंडला दोन्हींची टोकं जोडायला लावली. जाऊन-येऊन सुमारे ३,७०० मैलांचं मंडल झालं. बॅटरी कोणती? चांदीचं अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालतात ती टोपी. त्यात थोडं आम्ल आणि जस्ताचा तुकडा. एवढ्यावर संदेश गेला आणि वाचताही आला.

आता हिशेब करू. अंगुस्तानाचा दाब धरा एक व्होल्ट. रोध तोच मानला, तर दोन हजार व्होल्टची पॉवर त्याच्या दोन हजारांचा वर्ग म्हणजे ४० लाख पट. डेसिबलमध्ये दहापट म्हणजे १० आणि दुप्पट म्हणजे ३. चाळीस लाख म्हणजे दुप्पट, पुन्हा दुप्पट, आणि सहा वेळा दहापट. ३ अधिक ३ अधिक ६०, एकूण ६६ डेसिबल. एवढा फरक चांगली तार आणि चांगला कान यांनी भरून काढला.

आता आपल्याकडे वळू. उंचावरच्या ठाण्यावर संपर्क तुटला की पहिला हात जातो हाय पॉवरच्या बटणाकडे. ५ वॅटचे २० केले, तर मिळतात ६ डेसिबल. मोकळ्या जागेत, समोरासमोर, एवढ्याने अंतर फार तर दुप्पट होतं. मध्ये डोंगर असेल तर तेवढंही नाही. बोलताना बॅटरी मात्र कितीतरी वेगाने उतरते. थंडीने ती आधीच अर्धमेली झालेली असते, आणि ती वाहून नेलेली असते एका जवानाने, पाठीवर. शिवाय आपला आवाज जितका मोठा, तितकी शत्रूच्या दिशाशोधक यंत्राची सोय.

आमचे एक जुने सुभेदार साहेब अशा वेळी एवढंच म्हणायचे, "साहेब, आधी एरियल वर करू, जोडण्या पुसू, मग पॉवरचं बघू." थॉमसनचं नाव त्यांनी ऐकलं होतं की नाही, ठाऊक नाही. गणित तेच होतं.

पेट्रोल निघण्यापूर्वी तरुण अधिकाऱ्यांनी कागदावर दोन ओळी मांडाव्यात: किती वॅट निघणार, वाटेत किती डेसिबल गळणार, पलीकडच्या सेटला ऐकायला किती लागणार. बेरीज-वजाबाकीला पाच मिनिटं पुरतात. परतीच्या वाटेवर एखादा जवान जखमी झाला, तर हेलिकॉप्टर मागवायला बॅटरीत जीव उरलेला असायला हवा.

जय हिंद!