गंगाजळी आणि आयात-निर्बंध
ऑक्टोबर १९४७ मध्ये जिनिव्हा येथे 'गॅट' करारावर सह्या करणाऱ्या २३ राष्ट्रांत भारत होता. या कराराच्या अठराव्या कलमातील 'ब' विभागानुसार, परकीय चलनाची चणचण असेपर्यंत विकसनशील राष्ट्रांना आयातीवर संख्यात्मक निर्बंध घालता येत. भारताने या सवलतीचा दीर्घकाळ आधार घेतला.

१९९१ च्या संकटानंतर मात्र गंगाजळी वाढत गेली. १९९७ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. गंगाजळी पुरेशी आहे, असे मत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दिले. निर्बंध उठविल्यास विकासाचे धोरणच बदलावे लागेल, हा भारताचा युक्तिवाद टिकला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये अपील मंडळाचा निर्णयही भारताविरुद्ध गेला. १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले.

या सवलतीसाठी राष्ट्र गरीब असणे पुरेसे नव्हते. तिजोरीही अपुरी असावी लागे. शेतकरी व लघुउद्योजक सावरले आहेत काय, हा प्रश्न त्या विभागात नव्हताच. त्यांच्या रक्षणाचे मुख्य साधन म्हणून आयातशुल्क उरले. तेही सर्वत्र मोकळे नव्हते : दूध भुकटीवर शुल्क न लावण्याचे जुने वचन बदलून घेण्यासाठी भारताला नव्याने वाटाघाटी कराव्या लागल्या.