फ्रांझ घरी काय बोलत होता?

सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे 'द लास्ट लेसन'. मूळ फ्रेंच गोष्ट आल्फाँस दोदेची, १८७३च्या संग्रहातली. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल, निदान तिच्यावरचं पाच मार्कांचं उत्तर तरी पाठ केलं असेल. प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्स हरलाय, आल्सास आणि लोरेन हे प्रांत जर्मनीकडे गेलेत आणि बर्लिनहून हुकूम आलाय की आता शाळेत फक्त जर्मन शिकवायची. गावातले मास्तर, मस्य आमेल, फ्रेंचचा शेवटचा तास घेतात. मागच्या बाकांवर गावातली म्हातारी माणसं येऊन बसतात. अभ्यासाचा कंटाळा असलेल्या छोट्या फ्रांझला अचानक आपल्या पुस्तकांबद्दल माया दाटून येते.

आमच्या शाळेत हा धडा मातृभाषेचा धडा म्हणून शिकवला गेला. प्रश्नोत्तरांत मराठीचं, तमिळचं, बांगलादेशाचं उदाहरण द्यायचं असायचं. दहा वर्षांनी मी त्याच आल्सासमध्ये चार दिवस सायकल चालवली, आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न डोक्यात यायचा: तो शेवटचा तास संपवून फ्रांझ घरी गेला, तेव्हा आईशी कुठल्या भाषेत बोलला असेल?

धड्यात याचं उत्तर नाही. इतिहासात आहे. बहुतेक करून तो तिच्याशी आल्सेशियनमध्ये बोलला असेल, म्हणजे जर्मन कुळातल्या एका बोलीत. व्होज पर्वताच्या काही खोऱ्यांमध्ये फ्रेंचच्या जवळची बोली बोलली जायची हे खरं, पण मैदानातल्या आणि द्राक्षमळ्यांतल्या गावांत घराघरांत आल्सेशियनच होती. फ्रेंच ही अधिकाऱ्यांची, शहरातल्या प्रतिष्ठितांची आणि शाळेची भाषा. मास्तरांना खंत वाटते की पोरांना आपली भाषा धड लिहिता-वाचता येत नाही. कशी येणार? ती त्यांच्या घरातली नव्हतीच. मुलाचं नावच बघा, फ्रांझ! आणि लेखक दोदे स्वतः दक्षिणेतल्या नीमचा, म्हणजे जिथे लोकांची बोली प्रोव्हांसाल आणि शाळेची भाषा फ्रेंच, अशा मुलखातला.

आता प्रवासाबद्दल थोडं. मी स्टुटगार्टला एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. सप्टेंबरमध्ये चार दिवसांची सुट्टी जोडून मिळाली. 'सेल्फ-गायडेड' सायकल टूर म्हणजे गाईड नाही, ग्रुप नाही, 'चला मंडळी' म्हणणारं कुणी नाही. एजन्सी तुम्हाला जीपीएक्स फाईल पाठवते, हॉटेलं बुक करते आणि तुमची बॅग रोज पुढच्या गावी नेऊन ठेवते. तुम्ही फक्त पेडल मारायचं. रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर, डावीकडे द्राक्षाचे मळे, उजवीकडे द्राक्षाचे मळे. डॉइचलँड टिकेटवर केलपर्यंत आलो, तिथून ऱ्हाइन ओलांडायला स्ट्रासबूर्गची ट्राम. पुलावर सीमा लागते. ट्राममधल्या कुणीही मान वर करून पाहिलं नाही.

या सीमेचा हिशेब मात्र मान वर करून पाहण्यासारखा आहे. १६४८च्या वेस्टफालियाच्या तहापासून आल्सास तुकड्यातुकड्याने फ्रान्सकडे येऊ लागला, १६८१मध्ये चौदाव्या लुईने स्ट्रासबूर्ग घेतलं. १८७१ला जर्मनी. १९१८ला फ्रान्स. १९४०ला पुन्हा जर्मनी. १९४५ला पुन्हा फ्रान्स. १८७०च्या आधी जन्मलेली आणि पंचाहत्तरी पार केलेली आल्सासची एखादी म्हातारी घरचा उंबरठा न सोडता चार वेळा देश बदलून गेली असेल.

स्ट्रासबूर्गहून निघताना पहिले वीस किलोमीटर ब्रुश कालव्याच्या काठाने जातात. सपाट, सावलीचा, सायकलवाल्यांचा लाडका रस्ता. हा कालवा १६८२मध्ये व्होबाँने बांधला, लुईचा किल्लेबांधणीतला हुकमी माणूस. शहर घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी! डोंगरातल्या खाणींतला दगड होड्यांनी शहरात आणायचा आणि त्याची तटबंदी उभारायची, एवढ्यासाठी. कालवा संपतो तिथे मोल्सहाइम. बुगाटी गाड्यांचा कारखाना इथे १९०९मध्ये सुरू झाला. जन्माने इटालियन असलेल्या माणसाने, जर्मन साम्राज्यात काढलेली, आज फ्रेंच म्हणून मिरवली जाणारी कंपनी. इथे कुठल्याही गोष्टीचं 'कंट्री' हे फील्ड भरायला घेतलं की ड्रॉपडाऊन अपुरा पडतो.

आमच्या धंद्यात लेगसी कोड नावाची एक जात असते. जुन्या मालकाने लिहिलेला, कुणालाच धड न कळणारा, पण काढायला गेलं तर सगळंच कोसळेल म्हणून ठेवलेला. आल्सासचा कायदा तसा आहे. फ्रान्सने १९०५मध्ये चर्च आणि सरकार वेगळं केलं, तेव्हा आल्सास जर्मनीत होता. म्हणून तो कायदा इथे कधी लागूच झाला नाही, आणि आजही इथल्या कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पास्टर आणि ज्यू रब्बींना धर्मनिरपेक्ष फ्रेंच सरकार पगार देतं. बिस्मार्कच्या काळातल्या आरोग्य विम्याची इथली वेगळी योजना टिकून आहे. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरची सुट्टी फक्त याच भागाला. माझी सर्वात आवडती गोष्ट रेल्वेची: उरलेल्या फ्रान्समध्ये गाड्या आपल्याकडच्यासारख्या डाव्या रुळावरून धावतात, आल्साससमध्ये जर्मनीसारख्या उजव्या. जुन्या सीमेजवळ एक रूळ दुसऱ्यावरून उडी मारून बाजू बदलतो, त्यासाठी खास पूल आहेत. शंभर वर्षांत सगळ्या पाट्या बदलल्या, पण रूळ बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही.

वाईनचंही तेच. व्होज पर्वत पश्चिमेचा पाऊस अडवतो आणि पायथ्याशी पर्जन्यछायेचा पट्टा तयार होतो. सह्याद्रीच्या पूर्वेला राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वात कोरड्या शहरांपैकी एक. त्यात या उतारांवर दगडमातीची इतकी सरमिसळ आहे की शेजारशेजारच्या मळ्यांतली रिस्लिंग वेगळी लागते म्हणतात. (मला लागली नाही. पण मी मान डोलावली.) एवढी चांगली जमीन असूनही जर्मन काळात इथल्या वाईनचा मोठा वाटा स्वस्त मिश्रणांत गेला. १९१८नंतर जर्मन गिऱ्हाईक तुटलं आणि फ्रेंच गिऱ्हाईकाला ही वाईन माहीतच नव्हती. मग शेतकऱ्यांनी हळूहळू हलक्या जाती उपटून चांगल्या लावायला घेतल्या. फ्रान्समध्ये वाईनला गावाचं किंवा मळ्याचं नाव देतात, इथे मात्र जर्मन रिवाजाने द्राक्षाच्या जातीचं. बाटली उंच, सडपातळ, ऱ्हाइनकाठची. फ्रान्सची प्रतिष्ठित 'आपेलास्यों'ची मोहोर आल्सासला मिळाली ती थेट १९६२मध्ये, बोर्दो-बर्गंडीच्या सुमारे पंचवीस वर्षं मागाहून.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर ओ-कोनिग्सबूर्गचा किल्ला दिसायला लागतो, आणि मग बराच वेळ पाठ सोडत नाही. अगदी मध्ययुगीन दिसतो. प्रत्यक्षात तो भग्नावस्थेत होता. सेलेस्टा गावाने १८९९मध्ये ते अवशेष कैसर दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिले आणि कैसरने १९००पासून आठ वर्षं खपून तो पुन्हा उभा केला. 'हा मुलूख पहिल्यापासून आमचाच' हे दगडात लिहून ठेवायला. दहा वर्षांत तो गमावला. आता फ्रेंच शाळांच्या सहली तिथे जातात.

१९१८ला फ्रेंच सैन्य आलं तेव्हा लोकांनी फुलं उधळली, हे खरं आहे. त्यानंतर सरकारने लोकांना ओळखपत्रं वाटली, हेही खरं आहे. ए, बी, सी आणि डी. आईवडील, आजोबा-आजी कुठले यावरून वर्ग ठरायचा. 'ए'वाल्यांना जर्मन मार्क बदलताना चांगला भाव. 'डी' म्हणजे जर्मन वंशाचे. त्यांना ऱ्हाइनपार जावं लागलं, काही थोड्या किलोंचं सामान घेऊन. लाखभराहून अधिक माणसं गेली. आणि शाळा? शाळा फ्रेंच झाली. जर्मन शाळेत वाढलेली, घरी आल्सेशियन बोलणारी पोरं एका सकाळी फ्रेंच बोलणाऱ्या मास्तरांसमोर बसली. त्या शेवटच्या तासावर कुणी जगप्रसिद्ध गोष्ट लिहिली नाही.

१९४०ला उलट पट्टी सुरू झाली, जास्त क्रूर. फ्रेंच बोलायला बंदी, माणसांची आणि रस्त्यांची नावं जर्मन केली, डोक्यावर बेरे टोपी घालायलाही मनाई. व्होजमध्ये नात्सवायलर-स्त्रुतॉफची छळछावणी उभी राहिली. ऑगस्ट १९४२मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. आल्सास आणि मोझेलमधली सुमारे एक लाख तीस हजार मुलं जर्मन गणवेशात, बहुतेक रशियन आघाडीवर पाठवली गेली. पळून गेलं तर घरच्यांना उचलायचे. तीस-चाळीस हजार परतलेच नाहीत. यांना फ्रेंचमध्ये 'मालग्रे-नू' म्हणतात: आमच्या मनाविरुद्ध गेलेले.

तिसऱ्या दिवशी मी रिकविरमध्ये होतो. सोळाव्या शतकातली रंगीत लाकडी घरं, १२९१चा डोल्डर बुरूज, दर तीन पावलांना सेल्फी. तिथून मितेलविर आणि बेनविर अगदी जवळ, सायकलवर पंधरा-वीस मिनिटं. तिथे कुणी थांबत नाही, कारण तिथे 'जुनं' काही नाही. १९४४च्या डिसेंबरपासून कोलमारच्या वेढ्यात, कोलमार २ फेब्रुवारी १९४५ला सुटेपर्यंत, ही गावं तोफांखाली अक्षरशः भुईसपाट झाली. बेनविरचं आजचं चर्च काँक्रीट आणि रंगीत काचेचं आहे. मितेलविरमध्ये रस्त्याकडेला एक भिंत आहे. जर्मन अंमलात गावकऱ्यांनी तिच्यावर निळी, पांढरी आणि लाल फुलं लावली होती. झेंडा लावायची बंदी होती, फुलं लावायची नव्हती. मला विचाराल तर रिकविरला एक तास द्या आणि उरलेला दिवस या दोन कुरूप गावांना.

यानंतरचा भाग आल्साससमध्ये लोक हळू आवाजात बोलतात. १० जून १९४४ रोजी मध्य फ्रान्समधल्या ओरादूर गावात एसएसच्या तुकडीने सहाशेहून अधिक माणसं मारली, बायका आणि मुलं चर्चमध्ये कोंडून. १९५३च्या सुरुवातीला बोर्दोमध्ये खटला चालला, तेव्हा आरोपींत तेरा आल्सेशियन मालग्रे-नू निघाले. फेब्रुवारीत त्यांना शिक्षा झाली. आल्सासभर निषेध पेटला आणि काही दिवसांतच संसदेने त्यांना माफी दिली. मग ओरादूर पेटलं. गावाने पुढे कित्येक वर्षं सरकारी प्रतिनिधींना स्मृतिदिनाला पाऊल टाकू दिलं नाही. दोन्हीकडचं वाचलं की दोन्ही बाजू कळतात, आणि त्याने काहीच सोपं होत नाही. सक्तीने गेलेला माणूस हातात बंदूक घेऊन चर्चबाहेर उभा असेल, तर तो कोण? मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

त्याच वर्षी, मे महिन्यात, मार्लेनहाइम ते तान हा 'वाईन रूट' वाजतगाजत सुरू झाला. एकशे सत्तर किलोमीटर, मोटारींचे ताफे, फीत कापणं. पर्यटन माहितीपत्रकात फक्त हेच येतं. पण १९५३ हा आकडा दोनदा वाचल्यावर मला त्या फितीकडे नुसती फीत म्हणून बघता येईना. या प्रांताला तेव्हा स्वतःबद्दल बोलायला दुसरा कुठलातरी विषय हवा होता, असं आपलं माझं मत.

बेनविरच्या पुढे एका छोट्या तळघरात वाईन चाखायला थांबलो. मालक अठ्ठ्याहत्तरचे. मी फ्रेंचमध्ये अडखळतोय बघून त्यांनी आल्सेशियन सुरू केलं. आठ वर्षं स्टुटगार्टमध्ये श्वाबी जर्मन ऐकलेल्या माझ्या कानांना ते निम्म्याहून जास्त कळलं, आणि माझं जर्मन त्यांना. त्यांचे वडील मालग्रे-नू. रशियातल्या टांबोव्हच्या कैदी छावणीतून १९४५च्या शरदात परतले, त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत. स्वतः हे पन्नासच्या दशकात शाळेत गेले, घरून एकही फ्रेंच शब्द न घेता. अंगणात आल्सेशियन बोललं की मास्तर तोच शब्द पन्नास वेळा फ्रेंचमध्ये लिहायला लावायचे. भिंतीवर फलक असायचे: फ्रेंच बोलणं म्हणजे शिक. पोरं झाल्यावर त्यांनी आणि बायकोने ठरवलं की मुलांशी फ्रेंचच बोलायचं. "पोरांना आमच्यासारखं नको व्हायला," ते म्हणाले. हे वाक्य मी पुण्यात आणि नाशकात कितीदा ऐकलंय, मराठीत.

मस्य आमेल ज्या भाषेसाठी रडले, तिनेच पुढे या माणसाच्या तोंडातली भाषा काढून घेतली. गोष्ट खोटी नाही. हुकूम बर्लिनहून आला होता आणि फ्रेंच शिकवणारे मास्तर गेले होते. पण त्या वर्गात तिसरी एक भाषा होती, जी कुठल्याच फळ्यावर कधी लिहिली गेली नाही. बर्लिनला ती गावंढळ जर्मन वाटायची, पॅरिसला शत्रूची भाषा.

त्यांनी दोन बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. लेबलावर 'गेवुर्त्सट्रामिनर'. जर्मनीत या शब्दातल्या यू अक्षरावर दोन टिंबं देतात, आल्साससमध्ये देत नाहीत. मी त्यांना कारण विचारलं तर खांदे उडवले आणि नातीचा विषय काढला. ती नऊ वर्षांची आहे, द्विभाषिक वर्गात जाते. अर्धे विषय फ्रेंचमध्ये, अर्धे जर्मनमध्ये. असे वर्ग इथे नव्वदच्या दशकापासून वाढले. गेल्या महिन्यात ती जर्मनचा गृहपाठ घेऊन आजोबांकडे आली. भाज्यांची नावं लिहायची होती. बटाट्याला त्यांनी आयुष्यभर म्हणत आले तेच सांगितलं, हार्डेप्फल. दुसऱ्या दिवशी वही परत आली. बाईंनी तो शब्द लाल शाईने खोडून वर लिहिलं होतं: कार्टोफल.