काळ्या घोंगडीचं कूळ

पट्टणकोडोलीच्या यात्रेत माणूस हळदीने पिवळा होऊन घरी येतो, हे कोल्हापूरकडे कुणाला सांगावं लागत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या या गावी विठ्ठल-बिरदेवाचं देऊळ आहे. ऑक्टोबरच्या सुमारास महाराष्ट्र-कर्नाटकातला धनगर समाज तिथे लोटतो. सोलापूरकडच्या अंजनगावाहून देवाचे मानकरी फरांडेबाबा चालत येतात, ढोल-कैताळाच्या गजरात तलवार घेऊन हेडाम नृत्य खेळतात आणि मग पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. त्या वेळी भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. छायाचित्रांत ती कधी दिसत नाही. पिवळा रंग सगळं झाकून टाकतो. पण खाली पडलेला एखादा पुंजका उचलून बघावा. राठ, काळसर, बोटांना किंचित तेलकट लागणारा, आत गवताची कुसळं अडकलेली. घोंगडीचं कूळ शोधायचं तर मागापासून नव्हे, या पुंजक्यापासून सुरुवात करावी लागते.

धनगरांची स्वतःची कथा त्याही मागे जाते. पहिल्या शेळ्या-मेंढ्या वारुळातून बाहेर आल्या आणि त्यांनी रानं फस्त केली; लोकांनी महादेवाला साकडं घातलं, तेव्हा त्याने त्यांना सांभाळायला धनगर निर्माण केला. वारुळाला धनगर मान देतात तो त्यामुळे. पुरातत्त्वाची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच माळावर येते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. इ.स.पू. १००० नंतर तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आलेल्या दिसतात. हवामान कोरडं झालं, शेती हटली आणि माणसं शेळ्या-मेंढ्यांमागे फिरू लागली, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. मला तो पटतो. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आजही जिथे पीक हमखास नाही, तिथेच मेंढरं जास्त दिसतात.

त्या काळचं लोकरीचं वस्त्र मातीत टिकलेलं नाही. लेखी पुरावा पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. लोकरी कापडांचे प्रकार मोजताना तो नेपाळच्या एका काळ्या कांबळ्याचा उल्लेख करतो: आठ तुकडे जोडून केलेलं, पाऊस अडवणारं. आपल्या घोंगडीचा पूर्वज तो नव्हे, पण काळी लोकर आणि पाऊस यांचं नातं तेव्हाही जाणत्यांना ठाऊक होतं.

आपली घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ही मेंढी लहान चणीची, काटक आणि बहुतेक काळी. वर्षातून दोनदा कातरणी होते, आणि वर्षाकाठी मेंढीमागे अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते. म्हणजे दोन-अडीच किलोच्या घोंगडीत चार-पाच मेंढ्यांचं वर्ष जातं. मेरिनोच्या मानाने हा तंतू फार जाड. स्वेटरला तो चालत नाही, अंगाला टोचतो. आणि नेमका तोच जाडपणा घोंगडीचं बळ आहे. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल घेताना उबही देते. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते, भडका उडत नाही. पावसात खोळ करून डोक्यावर, रात्री शेकोटीपाशी अंगाखाली, थंडीत अंगावर असा घोंगडीचा वापर आहे. काळ्या मेंढीची लोकर रंगवावीही लागत नाही. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, वेगळी ठेवतात. तिची घोंगडी मऊ आणि महाग.

लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, मग सणगर किंवा खुटेकर धनगर खड्डामागावर घोंगडी विणणार. पण सुताला ताकद येते ती चिंचोक्याच्या खळीने. चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवायचे आणि ताणलेल्या ताण्यावर ती खळ कुंच्याने सारखी चोपडायची. कुठे जाड बसली तर धागे चिकटतात, कुठे राहून गेली तर सूत मागावर तुटतं. नवी घोंगडी ताठ असते ती या खळीमुळे. वापरता वापरता ती नरम पडते.

घोंगडीचं नातं देवाशीही आहे. बिरदेवाशेजारी विठ्ठल का, हा प्रश्न पट्टणकोडोलीत पडायलाच हवा. अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ साली बिरोबा (म्हणजेच बिरदेव), म्हस्कोबा आणि खंडोबावरच्या ग्रंथात गवळी-धनगरांचे देव तपासले, रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये पंढरीच्या देवाचं मूळ याच गोपजनांत शोधलं. विठ्ठलाच्या खांद्यावर संतांनी घोंगडी पाहिली, त्यामागे ही जुनी सोयरीक आहे असं मी मानते.

आता लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर रानातच टाकून कळप पुढे जातात. पानिपतचं ब्लँकेट स्वस्त आणि हलकं. त्याहून मोठा बदल कळपात झाला आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीची मेंढी उंच, बाकदार नाकाची, वजनाला भरणारी. मटणाला भाव आहे, म्हणून दख्खनी कळपांत माडग्याळ नर सोडला जातो. त्या मेंढीच्या अंगावर विणण्याजोगी लोकर येत नाही. धनगराला दोष देता येणार नाही, त्याचं घर मटणावर चालतं. पण घोंगडीच्या नावाने चाललेल्या योजना आणि प्रदर्शनं माग, विणकर आणि दुकान एवढंच पाहतात, याचं मला वाईट वाटतं. माग वर्षभरात नवा मांडता येतो. काळ्या लोकरीचा कळप दोन-तीन पिढ्या माडग्याळशी संकर झाला की परत आणायला कितीतरी वर्षं लागतील. कातरणीचा खर्च भागून चार पैसे उरतील एवढा दर काळ्या लोकरीला बांधून दिला, तर पुढच्या वेळी कळपात कोणता नर ठेवायचा, हे ठरवताना धनगर दख्खनीचा विचार करील.