३५ डॉलरला घेतलेला वाडगा निघाला ६०० वर्षं जुना, लिलावात मिळाले ५ कोटी

अमेरिकेत लोक घरातलं नको असलेलं सामान अंगणात मांडून विकतात. त्याला 'यार्ड सेल' म्हणतात. २०२० साली कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनजवळ अशाच एका ठिकाणी एका माणसाला निळ्या नक्षीचा पांढरा वाडगा दिसला. किंमत ३५ डॉलर, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये. त्यानं घासाघीस न करता तो घेतला आणि फोटो 'सदबीज' या लिलाव करणाऱ्या कंपनीला पाठवले.

मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. अंदाज होता ३ ते ५ लाख डॉलरचा. प्रत्यक्षात वाडगा गेला ७ लाख २१ हजार ८०० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं ५ कोटींहून जास्त रुपयांना.

एवढं काय होतं त्यात?

हा वाडगा चीनमधल्या मिंग घराण्यातल्या योंगल सम्राटाच्या काळातला, म्हणजे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. बीजिंगचा प्रसिद्ध राजवाडा उभारणारा सम्राट तो हाच. वाडग्याचा व्यास जेमतेम १६ सेंटिमीटर. आकार कमळाच्या कळीसारखा, वर कमळ, शेवंती, डाळिंबाच्या फुलांची नक्षी. असे वाडगे जगात मोजकेच उरलेत. त्यातले काही तैपेई, लंडन आणि तेहरानच्या संग्रहालयांत आहेत.

निळा रंग यायचा कुठून?

अशा भांड्यांचं मोठं केंद्र म्हणजे जिंगडेझेन हे गाव. तिथल्या पांढऱ्या मातीचं भांडं घडवून, वाळवून त्यावर कोबाल्टनं नक्षी काढत. वरून झिलईचा थर देत आणि सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजत. नक्षी झिलईच्या खाली राहत असल्यानं शेकडो वर्षांनीही ती पुसली जात नाही. त्या काळी चांगला कोबाल्ट इराणच्या बाजूनं येई. आपण अशा भांड्यांना 'चिनी मातीची' म्हणतो, ते नावही या चीनमुळेच.

खरं-खोटं कसं ओळखतात?

गोम इथेच आहे. पुढच्या काळातल्या चिनी कारागिरांनीच जुन्या भांड्यांच्या हुबेहूब नकला केल्या, बुडावर जुन्या सम्राटांची नावंही घातली. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर भरवसा ठेवता येत नाही. तज्ज्ञ भांडं हातात घेऊन वजन, घडण, झिलईचा गुळगुळीतपणा आणि तळाची कड पाहतात. योंगल काळात कोबाल्ट काही जागी साचून गडद ठिपके उमटत. पण नंतरच्या कारागिरांनी ब्रशनं ठिपके देऊन त्याचीही नक्कल केली. म्हणून एकाच खुणेवर निकाल लागत नाही.

माळ्यावर असं भांडं असेल तर?

बहुतेक निळी-पांढरी भांडी अलीकडची आणि साधी असतात. तरी शंका आलीच, तर घासूनपुसून चकचकीत करू नका, तडा गेला असेल तर घरीच गोंद लावू नका. आतून, बाहेरून आणि बुडाचे स्पष्ट फोटो काढा आणि आधी जाणकाराला दाखवा. त्या माणसानंही एवढंच केलं होतं.